पाच पावलं आत

माझा धाकटा भाऊ तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर रेघा मारतो. चुन्याची फक्की आणि दोरी, एवढाच त्याचा संसार. मैदानाचा काटकोन तो डोळे मिटून काढेल, शर्टाची बटणं मात्र खालीवर लावतो.

मागल्या वर्षी क्लबच्या अध्यक्षांनी परदेशातून एक नावाजलेला खेळाडू आणला. वय एक्केचाळीस. ‘आता आपल्याकडे फुटबॉल वाढणार,’ असं त्यांनी भाषणात सांगितलं. लोक लोटले. मीही गेले. पहिल्या सामन्यात त्या बाबाने चेंडूला सात वेळा पाय लावला आणि बुटाची नाडी चार वेळा बांधली. दोन्हीला टाळ्या सारख्याच. मला त्याची दया आली. जिना उतरताना मी कठडा धरते, तसा तो गोलाचा खांब धरून उभा होता. गुडघ्याचं दुखणं गुडघ्यालाच कळतं.

दया अध्यक्षांनाही आली, पण ती येऊन पडली भावाच्या अंगावर.

“दोन्ही बाजूंच्या रेघा पाच-पाच पावलं आत घ्या. त्यांना कमी धावावं लागेल.”

“साहेब, नियमात बसत नाही.”

“मोजायला कोण बसलंय?”

भावाने मान खाली घालून रेघा आत घेतल्या. खेळ वाढवायला माणूस आणला आणि आखडलं मैदान.

मोजायला पाहुणा संघ बसला होता. तक्रार झाली, संघटनेने खुलासा मागितला. अध्यक्षांनी भावाच्या हातात टाइप केलेला कागद दिला : दोरी पावसात भिजून आटली, चूक माझी. “सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका,” असं वर बजावलं.

तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी तिसरी शिकलेली, बोट ठेवून वाचला.

“आक्का, काय करू?”

“दोरी कसली आहे तुझी?”

“नायलॉनची.”

“ती आटते?”

“छे.”

“मग हे लिहिणाऱ्याने दोरी हातात तरी धरली होती का?”

तो हसला नाही. “तुला बोलायला काय जातंय? नोकरी माझी जाईल.”

“जाईल. पण सही केलीस तर तीस वर्षं वाकड्या रेघा मारल्यास, असं तूच लिहून दिल्यासारखं होईल.”

चहा तसाच टाकून तो उठला. पुढच्या सामन्याच्या सकाळी त्याने आतल्या रेघा खराट्याने पुसल्या, जुन्या जागी नव्या मारल्या आणि तो कागद सही न करताच अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला.

“सही कुठंय? आणि हे मैदान?”

“होतं तिथे नेलं, साहेब.”

त्या दिवशी परदेशी पाहुणा एकदा त्या लांबच्या रेघेपर्यंत जाऊन आला आणि अठराव्या मिनिटाला बाकावर बसला. अर्धे प्रेक्षक मध्यंतरालाच घरी गेले. माइकवरून अध्यक्ष सांगत होते, फुटबॉल वाढतोय. मैदान दहा पावलं वाढलं होतं, तेवढं खरं.

दुसऱ्या दिवशी भावाला काढलं. खुलासा अध्यक्षांना स्वतःच्या सहीने द्यावा लागला. हंगाम संपल्यावर पाहुणा दुसऱ्या देशात गेला, तिथला फुटबॉल वाढवायला.

भावाला मात्र काढल्यापासून आठवड्यातच बोलावणं आलं होतं. नव्या माणसाच्या हातून मधलं वर्तुळ अंड्यासारखं आलं होतं. भाऊ गेला. आधी तो सहीचा कागद मागून घेतला, अध्यक्षांसमोर त्याचे चार तुकडे केले, आणि मग विचारलं, फक्की कुठे ठेवली आहे.