शेडचं छप्पर आणि वालाचं मडकं

पनवेलला घर बांधलं तेव्हा मागच्या बागेत आम्ही एक छोटी शेड उभी केली. वर सिमेंटचे पत्रे, खाली कुदळ, फावडं, खताच्या पिशव्या आणि माळ्यावर बायकोचं मडकं. मडक्यात राख आणि राखेत बियाण्याचे कडवे वाल. हे बी तिच्या आईच्या शेतातलं. आई गेली, मग शेतही गेलं. तिथे आता गोदामं आहेत. दर हिवाळ्यात बायको कुंपणालगतच्या वाफ्यात वाल लावायची आणि निवडक दाणे पुन्हा राखेत ठेवायची. असं ते एकच मडकं होतं.

मे महिन्यात नारळाची झावळी पडून मधला पत्रा फुटला. बायको म्हणाली, "आजच कुणाला तरी बोलवा." पण मी उभा जन्म एका कार्यालयाच्या खरेदी विभागात काढलेला. तीन दरपत्रकं हातात आल्याशिवाय मी टाचणीसुद्धा मागवली नव्हती, पत्रे कसे मागवणार?

पत्रे बसवणाऱ्या तिघांना विचारलं. पहिल्याने दर लिहून दिला. दुसरा गव्हाण गावचा, तो तोंडी सांगत होता, त्याला मी कागदावर लिहायला लावलं. तिसरा ओवे गावचा. तो रोज फोनवर "उद्या येतो" म्हणायचा.

"दोन कागदांवर भागत नाही का?" बायकोने विचारलं.

"तिसरा आल्याशिवाय तुलना कशी करणार?"

"सरकारी काम अन् सहा महिने थांब. निदान मडकं तरी खाली काढून द्या, माझा हात पोचत नाही."

मी हो म्हणालो आणि विसरलो. विसरलो हेही खरं नाही. पत्रे बसवताना सगळंच खाली काढायचं आहे, मग शिडी दोनदा कशाला लावा, असा विचार मी केला होता.

त्यानंतर आठवडाभर आम्ही पुण्याला लेकीकडे गेलो. त्याच आठवड्यात इकडे वळीव दोनदा कोसळला. परत येऊन मडकं उतरवलं तर आत राखेचा गाळ झालेला आणि वाल फुगून कुजलेले. बायकोने अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक दाणा चाचपून बघत बसली. वाचलेले दाणे मूठभरही नव्हते. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या कागदाची वाट न बघता मी गव्हाणच्या माणसाला बोलावलं. वरातीमागून घोडं. त्याने फुटक्यासकट सगळे जुने पत्रे काढले आणि नवे लोखंडी पत्रे पूर्वेच्या टोकापासून चढवायला घेतले. घराच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून सुरुवात कर, असं मी सुचवून पाहिलं.

"नाय साहेब," तो वरूनच म्हणाला. "वारा तिकडूनच येतो. जोडाचं तोंड त्याच्याकडं ठेवलं तर पानी आत घुसंल. आनी स्क्रूचं भोक उंचवट्यावर मारायचं, खाली पन्हळीत नाय."

काम झाल्यावर चहा पिताना त्याला उन्हात वाळत घातलेले दाणे दिसले. "वयनी, कडवे वाल हाय ना हे? आमी लावायचो. आता तुकडाभर जमीन उरलीय, पन बी नाय."

बायको आत जाऊन जुन्या साडीचे तीन चौकोनी तुकडे घेऊन आली. दाण्यांचे तीन वाटे करून तिने पुरचुंड्या बांधल्या. एक त्याला दिली, दुसरी द्रोणागिरीला राहणाऱ्या बहिणीसाठी ठेवली, तिसरी शेजारणीला नेऊन दिली.

"तीन ठिकाणी असलेलं बरं," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

"आणि आपल्याला?" मी विचारलं.

"आपल्याकडे नको."



यंदाच्या पावसाळ्यात शेडमध्ये एक थेंबही गळला नाही. हे मी बायकोला मुद्दाम सांगितलं. "छान झालं," ती म्हणाली. माळा रिकामाच आहे.