बिहारसाठी शिवलेल्या गोधड्या

तीस वर्षे शाळेत काढलेल्या बाईपाशी दोन गोष्टी हमखास साठतात: मुलींकडून जप्त केलेल्या पेन्सिली आणि किस्से. पेन्सिली मी निवृत्त होताना परत केल्या. किस्से कुणाला परत करायचे?

त्यांतले पुष्कळसे एकाच महिन्यातले आहेत. बिहारात भूकंप झाला, त्या महिन्यातले. संक्रांत नुकतीच झाली होती. मी नाशिकात मुलींच्या एका शाळेची मुख्याध्यापिका होते. सारा देश बिहारसाठी काही ना काही पाठवत होता. आम्ही गोधड्या पाठवायचे ठरवले. शाळा सुटली की शिक्षिकांच्या खोलीत जुन्या लुगड्यांवर टाके पडू लागत.

शिवणाचे काम गोदूताईंकडे. त्या पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरातल्या, बालविधवा आणि सोवळ्याच्या बाबतीत अत्यंत कडक. त्यांच्या समोर बसत हमीदाबाई. त्या उर्दूचा वर्ग घेत. हमीदाबाईंचा धाकटा भाऊ युसुफ बिहारात रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. भूकंपानंतर त्याचे पत्र आले नव्हते. हे सगळ्यांना माहीत होते. बोलत कुणीच नव्हते. पोस्टमन फाटकाशी दिसला की खोलीतल्या साऱ्या सुया थांबत.

*

भूकंपाची बातमी आली, त्या सकाळी प्रार्थनेनंतर मी भाषण केले. "बिहारात पडलेले प्रत्येक घर आपले आहे. हा देश एक आहे." मुली गंभीर झाल्या. भाषण बरे झाले, असे माझे मलाच वाटले.

चौथीतल्या एका मुलीने हात वर केला. "मोठ्या बाई, मग आपल्या व्हरांड्यात पाण्याचे दोन वेगळे माठ का?"

मी म्हटले, "वर्गात जा."

इतके अपुरे उत्तर मी आयुष्यात दुसरे दिलेले नाही!

*

मग भूकंप कुणाच्या पापामुळे झाला, याचा शोध सुरू झाला. गावात त्या वर्षांत देवळाचे दार सर्वांना उघडे करावे, यासाठी सत्याग्रह चालला होता. दार उघडू पाहणाऱ्यांमुळे भूकंप झाला, असे एका शिक्षिकेचे म्हणणे. दार अडवणाऱ्यांमुळे झाला, असे दुसरीचे. तिसरीने सारा दोष बोलपटांवर ठेवला. आवाज इतके चढले की मला टेबलावर पट्टी आपटावी लागली.

शाळेचा शिपाई बारकू वणीकडचा. तो घंटेची वेळ विचारायला दारात उभा होता.

"एक इचारू का, बाई?" तो म्हणाला. "पाप समदं नाशकात झालं म्हनता. मंग घरं बिहारची का पडली?"

त्या दिवशी घंटा पाच मिनिटे उशिरा झाली.

*

जुनी लुगडी जमू लागली. गोदूताईंनी त्यांचे दोन ढीग केले: आमच्या घरांतले आणि हमीदाबाईंनी मुसलमान विणकरांच्या वस्तीतून आणलेले.

"गोदूताई," हमीदाबाई म्हणाल्या, "तुमच्या ढिगातली लुगडी तरी कुणाच्या मागावर विणली?"

"नवं लुगडं मी घरात घेते ते धुऊनच," गोदूताई म्हणाल्या. "ही तर जुनेरं. नदीत बुडवल्याशिवाय मी सुई लावायची नाही."

बारकूने दोन्ही बोचकी नदीवर नेली. गोदूताईंनी जातीने उभे राहून लुगडे न् लुगडे बुडवून घेतले. घाटावर दोऱ्या बांधून सारी वाळत घातली. संध्याकाळी घड्या करायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला. कुठले लुगडे कुठल्या ढिगातले, हे आता कुणालाच सांगता येईना!

त्यांनी शेजारी घड्या करणाऱ्या हमीदाबाईंकडे पाहिले. "आता गं?"

हमीदाबाईंनी घडी घातलेले लुगडे त्यांच्यापुढे सरकवले. "आता काय, सगळंच सोवळं!"

*

यापुढचा किस्सा हसण्याजोगा नाही; पण तो वगळला तर बाकीचे खोटे ठरतील.

गावात मदतीच्या दोन कमिट्या निघाल्या होत्या, एक हिंदूंची आणि एक मुसलमानांची. दोन्हींचे स्वयंसेवक बिहारात होते. हमीदाबाई युसुफची चौकशी करायला पहिल्या कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. ते म्हणाले, "तुमची स्वतंत्र कमिटी आहे ना? तिकडे विचारलेलं बरं." दुसरीचे सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही गोधड्या त्यांच्यासाठी शिवता. चौकशी आमच्याकडे कशी?"

हमीदाबाई परत आल्या आणि सुई हातात घेतली. "मोठ्या बाई," त्या म्हणाल्या, "युसुफला दोन दोन कमिट्या आहेत. त्याचा पत्ता मात्र एकीलाही नको!"

मी उठून तार ऑफिसात गेले आणि उत्तराचे पैसे आगाऊ भरून कारखान्याच्या मॅनेजरला जबाबी तार केली.

*

गोधड्या तयार झाल्या, तेव्हा हिंदूंच्या कमिटीचे सेक्रेटरी स्वतः शाळेत आले. त्यांच्या हातात कापडी पट्ट्यांचा गठ्ठा होता. प्रत्येक पट्टीवर छापले होते: 'हिंदू भगिनींकडून'.

"यांतली एकेक प्रत्येक गोधडीला शिवा," ते गोदूताईंना म्हणाले.

गोदूताईंनी चष्मा पुसला. "कुठल्या गोधडीत कुणाचं लुगडं आहे, ते तुम्हाला सांगता येईल?"

"मला कसं सांगता येईल, ताई?"

"मलाही नाही. मग हे खोटं मी माझ्या सुईनं शिवू?"

सेक्रेटरी पट्ट्या घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कमिटीचा निरोप आला: त्यांच्याही पट्ट्या छापून तयार होत्या!

*

गोधड्यांची पार्सले स्टेशनवर जायची होती, त्या दुपारी तारवाला आला. त्या काळी तार म्हणजे मृत्यूची बातमी, हेच समीकरण. हमीदाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "तुम्हीच वाचा, मोठ्या बाई."

मी वाचले. युसुफ जिवंत होता. हात मोडला होता. पत्र दुसऱ्याकडून लिहवून पाठवत होता.

हमीदाबाई पदर सावरून उठल्या. तशाच बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासाने खडीसाखरेची पुडी घेऊन आल्या. पहिला खडा त्यांनी मला दिला. मग एकेकीला देत पुढे निघाल्या. अकरा वर्षे दोघी एका खोलीत बसत होत्या; गोदूताईंनी हमीदाबाईंच्या हातची वेलचीसुद्धा कधी घेतली नव्हती. हमीदाबाईंना ते ठाऊक होते. न रागावता त्या नेहमी गोदूताईंना ओलांडून पुढे जात. त्या दिवशीही गेल्या.

"हमीदा," गोदूताई म्हणाल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला.

हमीदाबाईंनी पुडी उघडीच धरली होती. खडा काही उचलला जाईना. शेवटी आमच्यातली सर्वांत लहान शिक्षिका विमल घाईघाईने म्हणाली, "गोदूताई, अहो, आज एकादशी ना तुमची?"

गोदूताईंनी स्वतःच पुडीतला खडा उचलला आणि तोंडात टाकला.

"खडीसाखर उपासाला चालते," त्या म्हणाल्या.