मंगळ सरकला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लोणारच्या तळ्यातून हत्ती पोहून गेला, हे ज्या तोंडानं सगळ्या सुलतानपूरला पटवलं, त्या तोंडातून ही एक गोष्ट निघाली नाही — खरी आहे म्हणून असेल.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पेपर एसटीनं एक दिवस उशिरा यायचा आणि शिंप्याच्या ओट्यावर मी तो मोठ्यानं वाचायचो. वाचायचो म्हणजे — चार ओळींच्या चाळीस करायचो.

एकदा लेख आला: विश्व फुगतंय, ताऱ्यांचे पुंज लांब लांब पळताहेत. मी पृथ्वीलाही पळवलं. मग मंगळाला. "ग्रह जागचे हालले ना बे," म्हणालो, "पत्रिका घाला आता चुलीत." ओटा खदखदला. लेखाच्या शेवटी एक ओळ होती — सूर्याची ओढ इतकी घट्ट, की या फुगण्यानं ग्रहांच्या कक्षांना काही फरक पडत नाही. ती मी गिळली. वाचली असती तर गोष्टीत उरलं काय असतं?

एक पाहुणा तेवढा हसला नाही. वांगी-मिरची पिकवणाऱ्या गणपतभाऊंच्या मुलीला, कौसल्येला, मंगळ होता. तसाच मंगळाचा मुलगा मोठ्या मुश्किलीनं मेहकरकडे मिळालेला. हा पाहुणा त्या मुलाचा बाप, लग्नाचे कपडे शिवायला टाकायला आलेला. चार दिवसांनी त्याचा निरोप आला: मंगळच सरकला, तर जुळणी कशाची? पोराच्या जिवाशी खेळ नको.

इथवर थट्टा म्हणा. पाप पुढे आहे.

गणपतभाऊ ओट्यावरून पेपरचा तो कागद घेऊन माझ्या घरी आले. "देवरावभाऊ, यात खरंच तसं लिहेल हाये का? नसन तं चाला माह्यासंग, त्याईले वाचून दाखवा. मले अक्षर येत नाई."

ती ओळ माझ्या अंगठ्याखाली होती. मी गप्पा मारतो, हे गाव जाणून होतं. पण छापलेलं तरी खोटं वाचून दाखवणार नाही — एवढा एकच भरवसा माझ्यावर होता. तो जाईल म्हणून —

"हाव," म्हणालो. "तसंच लिहेल हाये."

त्यांनी घडी करून कागद खिशात ठेवला.

कौसल्येचं लग्न झालंच नाही. बाप गेला; भावजयीच्या हाताखाली तिचे केस पिकले. परवा बाजारात वांगी तोलताना म्हणाली, "काका, तुमच्या गोष्टी आयकाले लय मजा याची."

मी पिशवी पुढे केली. तिनं दोन वांगी वरून टाकली. मी ती घेतली.