विहिरीची खालची पायरी

जमिलाबी मणियारीण महाळुंग्याची. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती आसपासची गावं पायी फिरायची. चोपन्न सालच्या ऐन लगीनसराईत तिच्या घोट्यातून नारू बाहेर आला. दोऱ्यासारखा पांढरा किडा. काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पायाचा भोपळा. दीड महिना ती खाटेवर. तेवढ्यात गावच्या नवऱ्या मुलींनी चाकणला जाऊन चुडे भरले, याचा तिला नारूपेक्षा जास्त राग आला.

ती उठून चालायला लागली तेव्हा सरकारी आरोग्य निरीक्षक गावात आले. गावाची पायविहीर त्यांनी पाहिली. पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या.

"नारू झालेला माणूस इथं पाय बुडवतो," ते म्हणाले, "त्याच्या फोडातली पिल्लं पाण्यात जातात, अन् तेच पाणी तुम्ही पिता. पायऱ्या बुजवा, रहाट बसवा."

सरपंच नानासाहेब उखडले. "पायऱ्या आमच्या आज्यानं बांधल्यात. आन् पाण्यात पाय घालतंय कोण?"

"आमी न्हाई," सगळे पुरुष एका सुरात म्हणाले.

निरीक्षकांनी पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकायच्या जांभळ्या पुडीची बाटली जमिलाबीकडे दिली, कारण विहिरीला लागून तिचंच घर. पूड टाकताना तिची ओली बोटं तपकिरी झाली. साबण लावला, राख घासली, रंग हलेना. बोटांकडे बघत ती बराच वेळ हसत बसली.

दुसऱ्या दिवशी बांगड्या भरता भरता तिनं घरोघरी बायकांच्या कानात सांगितलं, "उद्या खाली उतरू नगा गं. वरनंच दोरीनं शेंदा." बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, पण त्या दिवशी एकीनंही नवऱ्यापुढे चकार शब्द काढला नाही.

पहाटे जमिलाबीनं पाण्याला टेकलेल्या ओल्या पायरीवर पूड भुरभुरवली. काळ्या दगडावर ती दिसलीही नाही.

दोन दिवसांनी पायऱ्यांचं काय करायचं ते ठरवायला मारुतीच्या देवळात बैठक भरली. बायका बाहेर उभ्या, जमिलाबी पायरीखाली. पायताणं दाराशी काढलेली, आणि आत झाडून सगळे पुरुष पाय धोतरात लपवून बसलेले.

"नानासाहेब," जमिलाबीनं विचारलं, "पायाला थंडी वाजतीया व्हय?"

"तुला काय करायचंय?"

मागून त्यांच्या बायको सुभद्राबाई म्हणाल्या, "अवं, दाखवा की. दोन दिस झालं, वीट घेऊन घासतायसा!"

बायका खो खो हसल्या. शेवटी म्हाताऱ्या आबाजीनं निमूट पाय पुढे केला. तपकिरी तळवा! मग एकेक करत सगळ्यांचेच पाय तपकिरी निघाले. नानासाहेबांचे तर घोट्यापर्यंत रंगले होते. ते आधी लाल झाले, मग त्यांनाच हसू आवरेना.

"बुजवा त्या पायऱ्या," ते म्हणाले. "न्हाईतर ही बया उद्या आमची तोंडं रंगवंल."

हनीफ गवंड्यानं महिन्याभरात भिंत घातली, कठडा बांधला, रहाट बसवला. पुढच्या उन्हाळ्यातही नारू निघालेच, कारण तो वर्षभर अंगात वाढतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र गावात दोनच निघाले. आणि कुणी कठड्यावर नुसता पाय टेकवला, तरी जमिलाबीच्या आधी नानासाहेबच ओरडायचे.