राज्य पुरस्कार आणि एक नारळ

किस्से आपण जमवत नाही. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप जमतात, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर येतात. माझ्या कपाटातले बरेचसे म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या आमच्या सिनेमा मंडळातले आहेत. मंडळ म्हणजे मी, माझी बायको सुधा, गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर देवधर आणि वरच्या मजल्यावरच्या हालिनाबाई. दर मंगळवारी दुपारी आमच्या घरी एक जुना सिनेमा. मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलं, तेव्हा सिनेमावर बोलायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न मला दर मंगळवारी पडतो. इतरांना पडत नाही, कारण मला कुणी बोलूच देत नाही.

*

हालिनाबाई युद्धामुळे खार्किवहून आल्या. पहिल्याच मंगळवारी कळलं की त्यांना युक्रेनचा सिनेमासाठीचा राष्ट्रीय राज्य पुरस्कार मिळालेला आहे. देवधर सावरून बसले.

"कुठल्या सिनेमात दिसता आपण?"

"दिसत नाही, ऐकू येते. नायिका जिना उतरते ना, ती पावलं माझी."

काम असं, की पडद्यावर जे घडतं त्याचा आवाज स्टुडिओत हातापायांनी काढायचा. दार, पाऊस, बर्फ, चुंबन.

"चुंबनसुद्धा?"

"स्वतःच्या मनगटावर," बाई म्हणाल्या.

देवधरांनी चहा मागितला.

नंतर मी तो पुरस्कार इंटरनेटवर तपासला. खराच होता. तपासल्याची मला अजून लाज वाटते.

*

घर सोडताना त्यांनी दोन बॅगा घेतल्या. एकीत कपडे, दुसरीत एकोणीस जोड बूट, सगळे कामाचे. नर्सचे, सैनिकाचे, नवरीचे. पुरस्काराचं प्रमाणपत्र भिंतीवरच राहिलं.

इथल्या एका ऑफिसात त्यांच्याकडे व्यवसायाचा पुरावा मागितला. त्यांनी बॅग उघडली. टेबलामागची बाई बराच वेळ बुटांकडे पाहत राहिली आणि मग अगदी मनापासून म्हणाली, "चपलांच्या दुकानात जागा निघाली की लगेच कळवते."

शेवटी म्युनिकच्या एका स्टुडिओचं उत्तर आलं. कागद नसला तरी चालेल, येऊन काम करून दाखवा.

"एकदाच बोलावतील," हालिनाबाई साखर ढवळत म्हणाल्या. "साठीच्या बाईला दुसऱ्यांदा कोण बोलावतं?"

त्या साखर घेत नाहीत, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

*

सराव सुरू झाला. कॉर्नफ्लॉर पिशवीत भरून दाबलं की बर्फावर चालल्यासारखं वाजतं. आमच्या घरातलं कॉर्नफ्लॉर संपलं.

"सूप पातळ झालंय," सुधा म्हणाली, "पण वरच्या मजल्यावर थंडी छान पडलीय."

एकदा त्यांनी मला पॅसेजमधून चालायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"हेर प्रोफेसर, तुमचं प्रत्येक पाऊल परवानगी मागतं."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" स्वयंपाकघरातून सुधा म्हणाली. "बेचाळीस वर्षं ऐकतेय मी."

*

"प्रमाणपत्र नाही ना? मग आपण सत्कार करू," देवधर म्हणाले. "शाल, श्रीफळ, मानपत्र. माणूस जरा ताठ मानेनं जातो परीक्षेला."

मानपत्र मी लिहिलं. दुसऱ्या देशाच्या राज्य पुरस्काराची ही नक्कल तर होत नाही ना, या भीतीनं चार वेळा फाडलं. नारळ म्युनिकच्या एशियन दुकानातून आणला. परत येताना ऊ-बान मेट्रोत मला घाम फुटला.

"अगं, नोकरी शोधणाऱ्या बाईला आपण नारळ देतोय."

"त्यांना मराठी येत नाही," सुधा म्हणाली.

माझं भाषण चालू असताना हालिनाबाई नारळ कानाशी धरून नखानं टिचक्या मारत होत्या. मी घाबरून शेवटची दोन पानं गाळली.

"हा माझाच?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच."

"मग करवत आहे का?"

सत्काराचा नारळ, आणि करवतीनं! पण देवधर पडले इंजिनिअर. घरी जाऊन करवत आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले, नारळाच्या पोटावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि बरोबर मध्यावर कापला. खोबरं सुधानं काढून घेतलं. बाईंनी दोन्ही करवंट्या पालथ्या धरल्या, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरून एक घोडा दौडत गेला.

देवधरांनी पाय वर घेतले.

*

परीक्षेच्या दिवशी त्या निघाल्या. हातात बुटांची बॅग, खांद्यावर आमची शाल, पिशवीत करवंट्या. आम्ही तिघं दुपारभर फोनसमोर.

"एवढा पुरस्कार मिळालेली बाई," मी येरझाऱ्या घालत म्हणालो, "आणि आपण तिला करवंट्या देऊन पाठवलं. एकच संधी होती. हसले असतील ते."

सुधा खोबऱ्याच्या वड्या थापत होती. "अहो, दिली परवानगी. आता बसा."

देवधर कॅलिपर उघडत होते, मिटत होते.

पाच वाजता फोन वाजला. मागे रस्त्याचा गोंगाट.

"हेर प्रोफेसर, ते नारळाचं दुकान कितीपर्यंत उघडं असतं?"

"सातपर्यंत. का?"

"अजून अकरा लागतील. सोमवारपासून घोडदळ आहे."