मामीच्या माहेरचा मोर

माझी मामी कमी पावसाच्या कुरुंदवाडकडची. तिच्या माहेरी मोर अंगणात यायचे. राधानगरीकडच्या पावसाळी सासरी मात्र तिला मोर कधी दिसला नव्हता. नव्वदच्या दशकात आम्ही भाचरं सुट्टीला गेलो, की ती मोराचा आवाज काढून आम्हाला हसवायची.

पुढं उन्हाळे तापू लागले, पाऊसही लांबू लागला. मी नोकरीला लागल्यावर एकदा गेलो, तर सकाळी भाताच्या कोवळ्या रोपांच्या तरव्यात खरोखरच मोर उभा! मामी धावत बाहेर आली.

"माझ्या माहेरचा पावणा आला की!"

"रोपं खातोय त्यो," मामा म्हणाला. "मोर कोरड्या रानातला. आपलं रानबी कोरडं पडाय लागलंय, म्हणून आलाय."

मामीनंच काठी आपटून मोराला हाकललं. मग तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत ती बांधावर बघत उभी राहिली.