स्वीडनच्या बाईला खाकी कव्हर

आमच्या घरातला गुन्हा माझ्या सासूबाईंनी केला, असं नऊ वर्षं मानलं गेलं. गुन्हेगार मी आहे.

मुळात दोष त्या स्वीडनच्या लेखिकेचा! (नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून घरात ती ‘स्वीडनची बाई’.) बाईंनी वीस वर्षं कादंबऱ्यांत माणसं मारली. मग नातू झाला, म्हणून खादाड अस्वलाच्या गोष्टी लिहायला घेतल्या. पण खूनही सोडले नाहीत! माझी बायको मनाली खुनांची भक्त, आठ वर्षांची इरा अस्वलाची.

शाळा उघडायच्या आधी इथे आखातात, करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी इराच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होतो. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या लेबलं चिकटवत होत्या. त्यांना मनालीची कादंबरी दिसली. मुखपृष्ठावर रक्ताळलेली कुऱ्हाड!

“अगंबाई! झाका ते आधी!”

झाकलं. कागद उरला, म्हणून अस्वलही झाकलं. दोन्ही लेबलांवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘स्वीडनची बाई’. पुढे एका सकाळी त्यातलं एक इराच्या दप्तरात टाकलं. (न उघडता.)

त्या दिवशी शाळेत, जवळच्या ऊद मेथाला, गोष्टवाचनाची स्पर्धा होती. स्टेजला घाबरणारी इरा पंधरा दिवस हातवाऱ्यांसकट तयारी करत होती. तिनं पुस्तक उघडलं, थबकली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरली. मी तिसऱ्या रांगेतून दोन्ही अंगठे दाखवले. “वाच, वाच!”

आज्ञाधारक पोर! अस्वलासारखा पोटावरून हात फिरवत तिनं वाचलं, “द बॉडी वॉज इन द फ्रीझर.”

सभागृह गार.

“विदाउट द हेड.” पुन्हा पोटावरून हात.

“थँक यू इरा, खलास!” वर्गाच्या बाई धावल्या. पोरं ओरडली, “नो! कंटिन्यू!”

इरा घरी येईपर्यंत रडत होती. मनालीनं विचारलं, “कुणी केलं हे?”

मी छताकडे पाहिलं. “लेबलं आईंनी लावली ना...”

सासूबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. “हो गं, माझंच चुकलं. चष्मा नव्हता.”

तेव्हापासून त्या ‘फ्रीझरवाली आजी’.

गेल्या महिन्यात कॉलेजसाठी मनालीबरोबर सामान भरताना इराला ते पुस्तक सापडलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. मला राहवेना. सगळं कबूल केलं. डोळ्यांत पाणी आलं.

तिघी हसत सुटल्या!

“बाबा, वी ऑल न्यू,” इरा म्हणाली. “इट्स युअर हँडरायटिंग!”

“मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?”

“जावईबापू, तुमचा चेहरा बघून दया आली हो!”

स्वीडनच्या बाईचं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. वाचलं असतं, तर गुन्हेगार निदान सुवाच्य अक्षरात पुरावा ठेवत नाही, एवढं तरी कळलं असतं!